फळ्यावरचं दुसरं वाक्य

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

पुतण्याने दिवाळीला डायरी दिली, ती याच वर्षाची. दहा महिने सरल्यावर. म्हणाला, काका, घरात पडून होती, तुम्हाला लिहायची सवय आहे. आता डायरीसुद्धा उरलीसुरली मिळायची आमची वेळ आली. पण कागद चांगला आहे, आणि फळ्यावर जे लिहिता येत नाही ते कुठेतरी लिहायला हवंच.

फळ्याचं एकदाच लिहून ठेवतो. २००३ साली मी शाळेवर असताना ग्रामपंचायतीने एसटी स्टँडच्या भिंतीवर वार्ताफलक रंगवला आणि माझ्या गळ्यात मारला. तेव्हापासून रोज सकाळी आठच्या आत मी तो लिहितो. वर सुविचार, त्याखाली देशाची आणि राज्याची एकेक बातमी, मग गावचं: पाणी कधी सुटणार, लसीकरण कधी, दहावा कोणाचा. खडू पाण्यात बुडवून लिहितो, म्हणजे वाळल्यावर अक्षर ठळक उठतं आणि कोणाच्या पाठीने पुसलं जात नाही. नियम एकच, दोन ठिकाणी खात्री केल्याशिवाय बातमी लिहायची नाही. खाली माझी सही, भागवत गुरुजी. बावीस वर्षांत एकदाही दुरुस्ती लिहावी लागलेली नाही.

पूर्वी फळ्यापुढे घोळका असायचा. आता लोक फळ्याला टेकून मोबाईल बघतात. रोज नेमाने वाचणारी एकच, चांगुणाबाई. वीस वर्षं माझ्या शाळेत खिचडी शिजवायला होती. साक्षरतेच्या वर्गात माझ्याकडेच अक्षरं गिरवली. आता नातीला, प्रज्ञाला, मिरजगावच्या शाळेच्या गाडीत बसवायला ओढ्यापलीकडच्या बौद्धवस्तीवरून येते आणि बोट फिरवत मोठ्याने वाचते. एक शब्द अडला तरी पुढे जात नाही, विचारते. असे चाळीस वाचक असते तर गाव बदललं असतं. पण एकच आहे.

५ नोव्हेंबर

सरपंचांच्या मळ्यात बोअरला तीन इंच पाणी लागलं अशी बातमी. ऐकीव लिहायचं नाही म्हणून स्वतः गेलो. जाऊन-येऊन चार किलोमीटर. पाणी खरंच होतं, पण दोन इंचाच्या वर नाही. तसंच लिहिलं. सरपंच हसले, पण आवडलं नसावं. चहा चांगला होता.

गुडघा ठणकतोय. ही म्हणाली, पाणी त्यांचं, गुडघा तुमचा. बेचाळीस वर्षं संसार केला, पण साळूबाईने मला कधी सरळ उत्तर दिल्याचं आठवत नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

काळू चार दिवस घरी आलेला नाही. कुत्र्यांचे हे दिवसच तसे, येईल. पण वेशीजवळची इतर कुत्रीही दिसत नाहीत. ग्रामपंचायतीने पकडायला गाडी बोलावली होती का, विचारायला हवं.

टीव्हीवर संध्याकाळभर बिबटे. जुन्नर, शिरूर, पारनेर, नगरच्या जवळ. लोकांचे जीव गेलेत, हे खोटं नाही. पण टीव्हीवाल्यांनी त्याला जी वाद्यं लावलीत ती ऐकून दूरदर्शनच्या जमान्यातला माणूस वेडा होईल. त्यांना मेलेल्या माणसाचं काही नसतं. आधी मतदारयाद्या, मग कोणाच्या तरी लग्नाचा खर्च, आता बिबट्या. आठवडाभराने दुसरं काही. आपण घाबरायचं कशाला आणि चिडायचं कशावर, हे आता कोणीतरी दुसराच ठरवतो आणि आपण फक्त अंगठ्याने वर सरकवत जातो. मला या सगळ्याचा कंटाळा आला आहे.

रविराज भेटला. माझाच विद्यार्थी, पाढे कधी पाठ झाले नाहीत. आता त्याचं सेवा केंद्र आहे आणि 'आपलं गाव' नावाचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे, आठशे माणसांचा. ग्रामपंचायतीला उभा राहणार. म्हणाला, सर, तुमच्या फळ्याच्या जागी एलईडीचा बोर्ड बसवू, अक्षरं पळणारा. तुम्हाला त्रास नको. वीस वर्षांपूर्वी असं बोलला असता तर अंगठे धरायला लावले असते. मी "बघू" म्हणालो.

११ नोव्हेंबर

सकाळी फळा लिहीत होतो तर सहादू आला. चांगुणाबाईचा शेजारी, बागायतदारांच्या मोटरी सांभाळतो. शेतीची लाईट आठवडाआड रात्री असते, म्हणून पाणी द्यायलाही रात्रीच जावं लागतं. म्हणाला, "गुरुजी, बंधाऱ्याच्या चिखलात पाय उठल्यात. येवढं येवढं. तुमी येऊन बघा आन फळ्यावर लिवा. आमचं कोन ऐकत न्हाई."

मी विचारलं, नखं उमटली आहेत का. तो म्हणाला, नखं न्हाईत, नुसती बोटं अन् गादी. म्हणजे ठसा अर्धवटच. तरस असेल, नाहीतर मोठं कुत्रं. बंधारा वस्तीच्याही पुढे, उसातून वाट, आणि माझा गुडघा हा असा. मी म्हणालो, फोटो काढून पाठव, मग बघतो. त्याने खिशातून बटणांचा मोबाईल काढून दाखवला आणि गेला.

खरं सांगायचं तर मला यामागे वेगळंच दिसतं. दिवसा लाईट द्या, ही मागणी जिल्हाभर चालू आहे. मागणी रास्त आहे. पण त्यासाठी बिबट्याची आवई उठवायची, हे मला पटत नाही. हल्ली प्रत्येक बातमीच्या पोटात कोणाचा तरी मतलब असतो.

हे हिला सांगितलं. ही भाकरी थापता थापता म्हणाली, "बोअर बघायला गेला होतात की गुडघ्यासकट." हिचं बोलणं मनावर घ्यायचं म्हटलं तर जगणं मुश्कील होईल.

१३ नोव्हेंबर

आज गावात धुमाकूळ. सकाळी सातला रविराजच्या ग्रुपवर फोटो पडला. आमच्या शाळेच्या कंपाउंडवर बिबट्या बसलेला, ऐटीत, जणू निकाल ऐकायला आलाय. खाली 'आत्ताचा फोटो, जपून राहा, तुमचा रविराज'. नऊपर्यंत सगळी शेतं रिकामी. शाळेत बासष्टपैकी अकरा मुलं. ऊसतोडीची टोळी पाचटाच्या कोपीतून, झोपडीतून, बाहेर निघेना. प्रज्ञाची मिरजगावला परीक्षा होती, तीही गेली नाही. तिच्या आजीने तिला दाराबाहेर सोडलं नाही.

मी फोटो मोठा करून पाहिला. भिंत आमचीच, फाटक आमचंच. पण फाटकाजवळ कडुनिंब. तो कडुनिंब मी मुलांकडून लावून घेतला होता, आणि रस्ता रुंद करताना चार वर्षांपूर्वी तो तोडला. त्या दिवशी मी जेवलो नव्हतो, म्हणून पक्कं आठवतं. म्हणजे फोटो जुना आणि बिबट्या आता बसवलेला. एआयने हे आता कोणालाही जमतं म्हणे.

इतका आनंद मला किती तरी दिवसांत झाला नव्हता. एका झाडाने आठशे जणांचा ग्रुप खोटा पाडला.

तरी नियम तो नियम. दुसरी खात्री म्हणून वनरक्षक रुपाली मॅडमना फोन केला. नवी मुलगी आहे, नीट बोलते. सर, तुमच्या गावची आमच्याकडे काही नोंद नाही, म्हणाल्या. त्या आणखी काही सांगत होत्या, कोणाला तरी पाठवते की काय, पण रेंज गेली. जे हवं ते मिळालं होतं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आज फळ्यावर सुविचार लिहिला नाही. पूर्ण फळा एकाच बातमीला दिला. ठळक अक्षरात:

'शाळेच्या भिंतीवरील बिबट्याचा फोटो खोटा आहे. गावात बिबट्या नाही. कोणीही घाबरू नये. खात्री केली आहे. – भागवत गुरुजी'

फार वर्षांनी फळ्यापुढे माणसं उभी राहिली. कडुनिंबाची गोष्ट सात-आठ वेळा तरी सांगितली. एकाने फळ्याचा फोटो काढून त्याच ग्रुपवर टाकला. रविराज म्हणाला, सर, मला फॉरवर्ड आला होता, मी फक्त पुढे ढकलला. हल्ली कोणी काही करत नाही, सगळे फक्त पुढे ढकलतात.

चांगुणाबाईने दोनदा वाचलं. बोट दुसऱ्या ओळीवर थांबवून विचारलं, "न्हाई म्हंजे न्हाईच ना, गुरुजी?"

मी म्हणालो, "फळ्यावर लिहिलंय ना."

तिने मान डोलावली आणि प्रज्ञाला म्हणाली, जा, उद्यापास्नं शाळेत जा. माझा ऊर भरून आला, हे इथे लिहायला हरकत नाही. खोट्याच्या या पुरात एक माणूस तरी आपल्या शब्दावर पाऊल टाकतो, याहून शिक्षकाला काय हवं असतं.

१५ नोव्हेंबर

शाळेत अठ्ठावन्न मुलं. टोळी उसात उतरली. सरपंचांनीही मान्य केलं की फळा तो फळा. ही बातमी आठवडाभर राहू द्या म्हणाले, म्हणून पुसली नाही.

काळू अजून नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

चांगुणाबाईवर बिबट्याने हल्ला केला. संध्याकाळी साडेपाचला. तिला नगरला नेलं आहे.

मी लिहू शकत नाही.

१९ नोव्हेंबर

काल काय झालं ते सहादूने सांगितलं, तेच लिहितो. प्रज्ञा शाळेच्या गाडीतून स्टँडवर उतरते आणि उसाच्या कडेने वस्तीवर चालत जाते. सहादूला ठसे दिसले तेव्हापासून आजी आणि सहादू काठी घेऊन, डबा वाजवत तिला न्यायला यायचे. शुक्रवारपासून चांगुणाबाई सहादूला येऊ नको म्हणाली होती. काल ती एकटीच अर्ध्या वाटेपर्यंत आली आणि नात येईपर्यंत शेळीला गवत कापायला बांधावर खाली बसली. तो मागून आला. उजवा खांदा, दंड आणि डोक्याची कातडी. प्रज्ञा तोवर पंधरा-वीस पावलांवर आली होती. ती पळाली नाही. ओरडत राहिली आणि जेवणाचा डबा फेकून मारला. तो उसात गेला. पोरगी सातवीत आहे.

सहादूने हे सगळं सांगितलं, पण मला एका शब्दानेही दोष दिला नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

फळा तसाच आहे. 'गावात बिबट्या नाही.' ऊन पडलं की जास्तच ठळक दिसतं. खडू बुडवून लिहिलेलं. दुपारी जाऊन ओल्या फडक्याने सगळा फळा पुसला. तीनदा पुसावा लागला.

२० नोव्हेंबर

ग्रुपवर रविराजने तोच फोटो पुन्हा टाकला. कडुनिंबासकट. खाली 'आम्ही आधीच सांगितलं होतं, काहींनी राजकारण केलं'. दोनशे जणांनी अंगठे दिले. काल खोटा ठरलेला फोटो आज खरा झाला, आणि त्याला खोटा म्हणणारा मी खोटा. आता कडुनिंबाची गोष्ट कोणाला सांगू.

मला राग येतोय, आणि लगेच लाज वाटते की तिकडे ती बाई टाके घेऊन पडली आहे आणि मी फोटोचा हिशोब करत बसलोय.

वनखात्याने बंधाऱ्याजवळ पिंजरा लावला. रुपाली मॅडम स्टँडवर भेटल्या. मी म्हणालो, मॅडम, तुम्हीच तर नाही म्हणाला होतात. मी हे का म्हणालो, माहीत नाही. कोणावर तरी ढकलायचं होतं.

त्या शांतपणे म्हणाल्या, "सर, नोंद नाही म्हणाले होते मी. बिबट्या नाही असं नव्हते म्हणाले. ठसे दिसले तर कळवा, हेही सांगत होते, तेवढ्यात फोन कट झाला."

मग मी सहादूच्या ठशांचं सांगितलं. नखं नव्हती म्हणून सोडून दिलं, असं म्हणालो. आणि माझं मलाच आठवलं. मांजर चालताना नखं आत घेतं, कुत्रं घेत नाही. हे मी चौथीच्या वर्गाला वर्षानुवर्षं शिकवलं आहे. फळ्यावर पंजे काढून.

२२ नोव्हेंबर

दुरुस्ती लिहायला हवी. तीन मसुदे केले.

'पुरेशा माहितीअभावी दि. १४ रोजीच्या वृत्तात त्रुटी राहिली.' हे वाचून ही म्हणाली, त्रुटी कोणाच्या पोटी राहिली.

'वनविभागाकडून मिळालेल्या माहितीच्या आधारे...' हे मी स्वतःच फाडलं.

'परिस्थिती बदलल्याने...' हाही फाडला. परिस्थिती काय बदलली. बिबट्या तिथेच होता, काळू गेला तेव्हापासून.

हे शेवटचं वाक्य आत्ता लिहिताना लक्षात आलं. काळू कुठे गेला ते.

पहाटे पुन्हा डायरी उघडली. रात्रभर तेच डोक्यात. टीव्ही खोटं बोलतो, मोबाईल खोटं बोलतो, यावर मी या डायरीची पानं भरली. आणि माझ्या अंगणातलं कुत्रं नाहीसं झालं तर म्हणालो, येईल.

२४ नोव्हेंबर

एसटीने नगरला गेलो. गाडीवर अहिल्यानगर, कंडक्टरच्या तोंडी नगर. बरोबर हिने दिलेला शिऱ्याचा डबा.

वॉर्डाबाहेर प्रशांत होता. चांगुणाबाईचा मुलगा, पुण्याला एका लॅबमध्ये टेक्निशियन आहे. तो आणि बायको दोघं शिफ्टमध्ये, म्हणून प्रज्ञा आजीकडे. तोही माझा विद्यार्थी. पाढे तीसपर्यंत पाठ होते. उठून उभा राहिला, जुन्या सवयीने.

म्हणाला, "सर, मी रोज फोन करून सांगत होतो, आई, एकटी जाऊ नको, ग्रुपवर बिबट्याचा फोटो आलाय. ती म्हणाली, फोटू खोटा हाय, गुरुजींनी लिवलंय."

मी म्हणालो, "फोटो खोटाच होता, प्रशांत."

"हो सर," तो म्हणाला. "फोटो खोटा होता."

एवढंच. मग त्याने डबा हातात घेतला आणि मला आत नेलं. चालताना म्हणाला, खिचडी शिजवायला आईला घेतलं तेव्हा गावातले लोक मुलांना जेवू देत नव्हते, तुम्ही पहिला घास खाल्ला, हे ती अजून सांगते. तो घास मीही बावीस वर्षं सांगत आलोय. त्यानंतर वस्तीवर किती वेळा गेलो ते मात्र आठवून बघावं लागलं. दोनदा. दोन्ही वेळा पटनोंदणीला.

चांगुणाबाईच्या डोक्याला पट्टी, उजवा हात गळ्यात. चेहरा लहान झाल्यासारखा वाटला. मला बघून पदर सारखा करायला गेली, पण हात उचलेना. मी स्टुलावर बसलो. बरंच काही ठरवून गेलो होतो. शेवटी म्हणालो, "चांगुणाबाई, मला माहीत नव्हतं. मी माहीत असल्यासारखं लिहिलं."

ती म्हणाली, "मला वाटलं, तुमी बघून आला आसाल."

तिच्या आवाजात राग नव्हता. एसटीत खिडकीशी बसून मी सगळी वाट रडलो. शेजारच्या माणसाने विचारलं, कोणी गेलं का. मी नाही म्हणालो.

२५ नोव्हेंबर

आठच्या आत फळा लिहिला.

'१४ तारखेला या फळ्यावर "गावात बिबट्या नाही" असे मी लिहिले. सहादू सांगत होता, तरी मी बघायला गेलो नव्हतो. त्यामुळे चांगुणाबाईला इजा झाली. – भागवत'

गुरुजी लिहिलं नाही. आणखी काहीही लिहिलं नाही. पाण्याची वेळसुद्धा नाही.

रविराजने त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. 'अखेर कबुली'. प्रचाराला बरा. सरपंच फोनवर म्हणाले, एवढं उघड लिहायची काय गरज होती, लोक विसरले असते. हे मात्र त्यांनी खरं सांगितलं. परवा टीव्हीवर बिबट्या बंद झाला. आता दुसरं काहीतरी सुरू आहे, मी बघत नाही.

हिने फळा वाचायला स्टँडवर चक्कर मारली. आल्यावर म्हणाली, "आता कळलं लिहिता येतं तुम्हाला." आणि चहा दिला.

३० नोव्हेंबर

रोज सकाळी सहाला जाग येते. खडूची डबी घेतो आणि ठेवून देतो. फळ्यावर काही बदल केलेला नाही. माझं नाव आणि माझी चूक, गावाने वाचायची तेवढी वाचली. आता लोक पुन्हा त्याला टेकून उभे राहतात. खडू बुडवून लिहिल्यामुळे ती चूक पुसली जात नाही, हे तिचं दुर्दैव.

ठरवलं आहे, यापुढे लिहायचं नाही. एलईडी येऊ दे. खरं काय हे शोधायला पायात बळ लागतं, आणि माझ्या गुडघ्यांनी कधीच नकार दिला आहे. अडुसष्ट वर्षांच्या माणसाने गावाला शहाणं करायचा मक्ता का घ्यावा. थकलो आहे, एवढंच खरं.

४ डिसेंबर, गुरुवार

दूध आणायला स्टँडवर गेलो तर फळ्यापुढे चांगुणाबाई. काल सोडलं म्हणे. डोक्याला रुमाल, हात गळ्यात, एका बाजूला प्रज्ञा, दुसऱ्या बाजूला काठी घेऊन सहादू. ती डाव्या हाताचं बोट फिरवत मोठ्याने वाचत होती. 'त्यामुळे चांगुणाबाईला इजा झाली' इथे आली तेव्हा थांबली, स्वतःचं नाव पुन्हा एकदा वाचलं. फळ्यावर तिचं नाव पहिल्यांदाच आलं असावं.

मला पळून जावंसं वाटत होतं. तिने वळून पाहिलं.

"गुरुजी, ह्ये दुसरं वाक्य झालं. पयलं कुटं गेलं?"

मी विचारलं, कोणतं पहिलं.

"फोटू खोटा हाय, त्ये. त्ये खरं हुतं का न्हाई?"

"होतं."

"मंग खरं कशापायी पुसलं?"

माझ्या चुकीबरोबर मी तेही पुसून टाकलं होतं, आणि दोन आठवडे रविराजचा फोटो गावात खरा म्हणून फिरत होता. मी म्हणालो, चांगुणाबाई, मी आता लिहिणं सोडलंय. रविराज पळत्या अक्षरांचा बोर्ड लावणार आहे.

"त्येवढं पळतं वाचाया येत न्हाई मला," ती म्हणाली. मग सहादूकडे बघत म्हणाली, "बंधाऱ्यावं पिंजरा लावलाय म्हनं. त्यात घावलं का काय?"

सहादू म्हणाला, कोण म्हणतं धरला, कोण म्हणतं नाही. ग्रुपवर धरल्याचा फोटो आलाय म्हणे.

तिने माझ्याकडे पाहिलं. "आमची पोरगी उद्या शाळंला जायची हाय, गुरुजी. कोनीतरी जाऊन बघाया पायजे."

शाळेची गाडी आली, पण प्रज्ञा आज बसली नाही. तिघं परत वस्तीच्या वाटेला लागले, काठी वाजवत.

५ डिसेंबर

उजाडल्यावर सात वाजता सहादूबरोबर बंधाऱ्यापर्यंत गेलो. ओढा, वस्ती, मग उसाची वाट. ज्या बांधावर ती बसली होती तो त्याने दाखवला. गवत अर्धं कापलेलं, तसंच. विळा कोणीतरी उचलून बाभळीला अडकवून ठेवला आहे. वाटेत तीनदा बसावं लागलं. सहादू प्रत्येक वेळी थांबला, आणि परतताना त्याने स्वतःची काठी मला दिली.

येताना वस्तीवर चांगुणाबाईच्या दारात पाणी प्यायलो. प्रज्ञा दप्तर भरून उंबऱ्यावर बसली होती. फळ्यावर काय येतं ते बघून जायचं की नाही ठरणार होतं.

आठला दहा मिनिटं उशीर झाला. खडू पाण्यात बुडवला आणि लिहिलं:

'शाळेच्या भिंतीवरील बिबट्याचा फोटो खोटा होता. बिबट्या खरा आहे. पिंजरा रिकामा आहे. मुलांना सोबतीशिवाय सोडू नये. मी बघून आलो आहे.'